रुक्माचा पाट

मी चांद्याच्या कोर्टात खोटी साक्ष दिली, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. विहिरीवर, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, कोणाच्या तेराव्याला — कधी ना कधी विषय निघतोच, आणि मी तिथं बसलेली दिसले की बाया आवाज उतरवून म्हणतात, 'बिचारी. भावाच्या घरी राह्यणारी बाई. ती काय करन?' हे 'बिचारी' मी कितीतरी वर्षं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं — की पांघरून घेतलं? त्याच्या आड जे आहे ते कोणाला ठाऊक नाही. दादाला ठाऊक होतं, तो गेला. आता फक्त मला. आणि आज, पहिल्यांदा, तुम्हाला सांगते आहे.

आमचं गाव मूल आणि सिंदेवाहीच्या मधे, छोट्या गाडीच्या रुळापासून बैलबंडीने थोडं आत. तीन बाजूंनी रान, एका बाजूला बोडी, म्हणजे लहान तळं, आणि तिच्या पाण्यावर भिजणाऱ्या धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं. आम्ही तीन भावंडं. थोरला शिवरामदादा, मधली मी गिरजा, आणि धाकटा गोविंदा. बाबांनी मला चौथीपर्यंत शिकवलं, मग लग्न करून दिलं, आणि लग्नाचं लुगडं जुनं व्हायच्या आत मी विधवा होऊन परत आले. नवरा कसा होता ते नीट आठवत नाही. अंगाला तंबाखूचा वास यायचा, एवढं आठवतं. बाबा गेले आणि घर दादाच्या हाती आलं. त्याने मला कधी टाकून बोलल्याचं आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो. पाट म्हणजे दुसरं लग्नच — पण त्याला लग्न म्हणत नाहीत. मांडव नाही, वाजंत्री नाही, उजेडसुद्धा नाही. दिवस बुडाल्यावर चार माणसांत उरकायचं. सवाष्णीने ते पाहायचं नसतं, तिला बाधतं म्हणतात. पण ज्यांच्या चार बांध्या जास्त, ती घरं म्हणायची, आमच्यात पाट लावत नाहीत. आमचं घर त्यातलं.

मी बाविशीत असेन. नवरगावकडच्या एका बिजवराचा निरोप आला. दादाने मला ओसरीवर बोलावलं आणि विचारलं. हुकूम नव्हता, दटावणी नव्हती — नुसतं विचारलं, की तुझ्या मनात काय आहे. मी मान खाली घातली आणि म्हणाले, आपल्या घरात असं होत नाही.

खरं सांगू? मला वाटलं होतं, तो पुन्हा विचारेल. बाई पहिल्यांदा नाहीच म्हणते, हे त्याला कळेल. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि चार लोकांत त्याने सांगितलं की माझ्या बहिणीने घराची अब्रू राखली. मग ती अब्रू मला रोज राखत बसावी लागली. सासुरवाशिणींना माझं उदाहरण देत. त्या बिजवराने पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका विधवेशी पाट लावला. एकदा मूलच्या बाजारात मी तिला पाहिलं. वांगी विकत होती, मांडीवर पोर झोपलेलं. मी तिच्याकडून वांगी घेतली. चांगली निघाली.

गोविंदाचं मात्र घरात मन रमायचं नाही. लाकडाच्या ठेकेदाराकडे बंड्या हाकायला जायचा आणि महिनोन् महिने गडचिरोलीच्या रानात राहायचा. एका उन्हाळ्यात तो परत आला तो रुक्माला घेऊन. आरमोरीकडची, तरुण, विधवा. म्हणाला, हिच्याशी पाट लावणार. दादा म्हणाला, आपल्या घरात असं होत नाही. माझेच शब्द. गोविंदा हसला आणि म्हणाला, मग आता होईल.

पाटाच्या संध्याकाळी दादा घरी थांबला नाही. दुसऱ्या गावी पाहुण्याकडे निघून गेला. दादाची बायको, माझी वहिनी, सवाष्ण; तिने यायचं नव्हतंच. आमचा म्हातारा मामा होता, त्याने विधी केला. म्हणजे तिथं माणसं किती? गोविंदा, रुक्मा, मामा आणि मी. घरामागच्या वाडीत पाट मांडला होता. गोविंदाने तिच्या गळ्यात काळी पोत बांधली, कुंकू लावलं. बांगड्या मी भरल्या. ओटीला सवाष्ण नव्हती, तेव्हा मामा म्हणाला, तूच टाक तांदूळ, देव इतकं बारीक पाहत नाही. मी टाकले. माझ्या या हातांनी टाकले. पाट लागला होता — याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, साक्षीच्या दिवशीही नव्हती, आजही नाही.

रुक्मा घरात आली आणि घर बदललं. मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. मला 'बाई' म्हणायची, नणंदेला म्हणतात तसं, पण त्यात मैत्रीण असायची. आई गेल्यावर माझ्या केसांना तेल लावणारी तीच. जवसाची चटणी मला आवडते म्हणून थोडी वेगळी काढून ठेवायची, वहिनीला न दिसेल अशी. तिला खरंच जीव होता माझ्यावर. आणि मला? मलाही होता — पण आमच्या खोल्यांच्या मधली भिंत मातीची होती, वरून उघडी. त्यांचं बोलणं, त्यांचं हसणं माझ्याकडे यायचं. मी कूस बदलायची. एकाच माणसावर माया असते आणि तिचं सुख सहनही होत नाही, असं तुमचं कधी झालं आहे का? माझं झालं. कोणाला सांगणार होते?

त्यांना मुलगी झाली. शेवंता नाव ठेवलं. ती रांगायला लागली त्या चैतात गोविंदा मोहफुलं वेचायला रानात गेला आणि अस्वलाने त्याला धरलं. बाजेवर घालून आणला. काही दिवस कण्हत होता, मग कण्हणंही थांबलं.

दादा रडला, धाकटा भाऊ होता शेवटी. पण दिवस झाल्यावर रुक्माने विचारलं की गोविंदाचा हिस्सा पटवाऱ्याच्या कागदावर शेवंताच्या आईच्या नावे कधी चढणार, तेव्हा त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, राहा, खा, काम कर, हिश्शाचं नाव काढू नको. वहिनीने त्यात भर घातली. रुक्मा भांडली नाही. ती पोरीला घेऊन आरमोरीला भावाकडे गेली, आणि काही महिन्यांनी चांद्याच्या कोर्टाचा चपराशी आमच्या दारात कागद घेऊन उभा राहिला. तिने दावा लावला होता.

दादाच्या वकिलाने जबाब लिहून दिला — पाट लागलाच नाही, ही ठेवलेली बाई होती. दादाने त्याखाली सही केली. वकील म्हणाला म्हणून केली, पण केली.

कोर्टाचं काम मला कुठलं कळणार? पण वकिलांच्या बोलण्यातून एवढं समजलं. पाट लागला असेल, तर रुक्मा बायको. आणि बायको असेल, तर नवऱ्याचा हिस्सा तिचा. लागला नसेल, तर ती कोणी नाही, आणि तिची पोरही कोणाची नाही. एवढी जमीन, एवढी माणसं, दोन बाजूंचे वकील, सगळं त्या एका संध्याकाळवर येऊन उभं राहिलं. मामा तोवर वारला होता. गावातल्या माणसांनी साक्षी दिल्या, पण सगळ्यांचं तेच — ऐकलं होतं, पाहिलं नाही. पाहिलेलं माणूस एकच उरलं होतं.

रुक्माने माझं नाव तिच्या साक्षीदारांत दिलं. तिच्या वकिलाने म्हणे तिला समजावलं होतं, की ही बाई समोरच्याच्या घरात राहते, तिला बोलावू नकोस, उलटेल. रुक्मा म्हणाली होती, बाई उलटणार नाही. हे मला नंतर कळलं. नंतर कळलं हेच बरं झालं, की आधी कळायला हवं होतं — कोण जाणे.

तारखांवर तारखा पडल्या. दावा लागला तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो; माझी साक्ष निघाली तोवर आपला मुलूख मुंबई राज्यात गेला होता. आदल्या दिवशी दादा आणि मी छोट्या गाडीने चांद्याला गेलो. वहिनीच्या नात्यातल्या एका घरी, शहराच्या जुन्या तटाच्या, परकोटाच्या आत, उतरलो. ऊन कललं तेव्हा दादा म्हणाला, चल, महाकालीचं दर्शन घेऊन येऊ.

दर्शन झालं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. दादा नारळाचा काथ्या बोटांनी सोलत बसला. त्याची दाढी वाढलेली होती. त्या वर्षभरात तो एकदम उतरला होता. मला वाटलं, आता सांगेल, उद्या काय बोलायचं ते. वकिलाने त्याला तेच सांगून पाठवलं असणार.

तो म्हणाला, "गिरजे, मी तिथी नव्हतो. तू होती. उद्या जे पाह्यलं तेच सांग. जमीन गेली तं जाऊ दे. मी तुले घरातून काहाडणार नाई. देवीच्या दारात सांगून राह्यलो."

हेच ते. हे कोणाला माहीत नाही.

मला दादाने खोटं बोलायला लावलं नाही. धमकावलं नाही, पढवलं नाही, हात जोडले नाहीत. उलट मला मोकळं केलं. डोक्यावरचं छप्पर जाईल ही भीती होती, तीही त्याने काढून घेतली. त्या पायऱ्यांवरून मी उठले तेव्हा मला कसलंही भय नव्हतं. खरं बोलायला एका बाईला जे जे लागतं, ते सगळं माझ्या पदरात होतं.

मग हायसं वाटायला नको होतं? मला राग आला. इतका राग, की परतताना झरपट नदीच्या काठाने मी दादाच्या पुढे चालत राहिले, मागे वळून पाहिलं नाही. माझ्या वेळी त्याने मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. एक शब्द ऐकला आणि माझं उभं आयुष्य त्या शब्दावर बांधून टाकलं. आणि रुक्मासाठी — ज्या बाईच्या पाटाला तो आलाही नव्हता, तिच्यासाठी — तो आता बापाची जमीन सोडायला निघाला होता. घराची अब्रू, घराची रीत, ज्यासाठी मी बसून राहिले, ती एवढी स्वस्त होती? मग मी कशासाठी बसले होते?

असं वाटलं. मी काय वाटलं ते सांगते आहे. त्यामुळे मी केलेलं हलकं होत नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली साक्षीदार बसले होते. रुक्मा आली. वाळली होती, पण मला पाहून चेहरा उजळला. दोन्ही बाजूंची माणसं पाहत होती, तिला त्याचं काही नव्हतं. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती सरळ माझ्याकडे आली आणि शेवंताला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाई, हिले धर. मले आत बोलावून राह्यले."

पोर मला विसरलेली होती. आधी रडली, मग झोपली. आत तिची आई ती कोणाची हे सांगत होती आणि बाहेर ती माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिच्या तोंडावरच्या माशा वारत बसले. त्या वेळात माझं मन वळलं का? हो, वळलं. तिच्या कपाळावर गोविंदासारखा भोवरा होता. मी ठरवलं, खरं सांगायचं. मग रुक्मा बाहेर आली, पोरीला उचलून घेतलं, आणि जाता जाता माझ्या खांद्याला हात लावून हसली. कशी हसली सांगू? आता सगळं ठीक होणार असल्यासारखी. त्या हसण्याने मला ती मातीची भिंत आठवली.

माझा पुकारा झाला.

आत खोली लहान होती. जज्जसाहेब तरुण होते, चष्मा लावलेला. बायकांशी बोलताना आवाज मऊ करत. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, असं माझ्याकडून म्हणवून घेतलं. रुक्माच्या वकिलाने नाव विचारलं, नातं विचारलं, गोविंदा कधी गेला ते विचारलं. मग म्हणाला, गोविंदाने रुक्माशी पाट लावला तेव्हा तुम्ही हजर होतात ना?

मी म्हणाले, पाट लागला नाही.

दादा मागच्या बाकावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. रुक्मा वकिलाच्या मागे उभी होती, पोर कडेवर. ती रडली नाही, ओरडली नाही. ती वकिलाला हळूच म्हणाली, पण खोली लहान, सगळ्यांना ऐकू गेलं — "पुन्हा विचारा वकीलसायेब. बाईले समजलं नाई."

वकिलाने पुन्हा विचारलं. सावकाश, सोप्या शब्दांत, लहान मुलाला विचारावं तसं. बाई, काळी पोत बांधताना तुम्ही पाहिलं का? बांगड्या तुम्ही भरल्या का? तुम्ही ओटी भरली का?

मला दुसऱ्यांदा विचारलं जात होतं. तुम्हाला कळतं आहे ना? ज्या दुसऱ्यांदा विचारण्याची मी वाट पाहिली, ते त्या दिवशी मला मिळालं. मी म्हणाले, नाही. मी विधवा, माझ्या हातून कोण ओटी भरून घेईल?

हे मी आधी ठरवलेलंही नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं आणि इतकं खरं वाटलं, की जज्जसाहेबांनी मान हलवली. ते हाताने इंग्रजीत लिहून घेत होते. त्यांचं लिहून होईस्तोवर आम्ही सगळे थांबलो. दादाच्या वकिलाने मला काहीच विचारलं नाही. विचारायचं उरलंच काय होतं? मग माझी साक्ष मला मराठीत वाचून दाखवली आणि बरोबर आहे का, असं विचारलं. मी म्हणाले, बरोबर आहे. गावच्या साक्षीदारांनी अंगठे लावले होते. मी सही केली. ठसठशीत, एकही अक्षर न चुकता.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडाशी लागला. दावा गेला. दादाच्या वकिलाने आम्हाला निकालातला एक भाग समजावून सांगितला, त्याला फार आनंद झाला होता. साहेबांनी लिहिलं होतं, की ही साक्षीदार वादी बाईनेच आणलेली, मयताची सख्खी बहीण, स्वतः विधवा. दावा कोणीही जिंकला तरी तिला काही मिळायचं नाही. तिला खोटं बोलण्याचं कारण दिसत नाही. साहेबांची चूक नव्हती. कोर्टात कारण जमिनीत शोधतात. माझं कारण जमिनीत नव्हतं.

साक्षीच्या दिवशी परतताना गाडीत दादा माझ्यासमोर बसला होता. केळझरचं स्टेशन गेलं. मग माझ्याकडे न पाहता त्याने कारण विचारलं, "काऊन?"

मी म्हणाले, "आपल्या घरात पाट लागत नाई ना, दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं, असं मला वाटतं. नवरगावचा निरोप, ओसरी, सगळं. तो खिडकीबाहेर पाहू लागला. पुढे कधी, म्हणजे कधीच, आम्ही या विषयावर बोललो नाही.

रुक्माच्या वकिलाने म्हणे तिला सांगितलं, नागपूरला अपील कर. तिने केलं नाही. भावाच्या घरीही फार दिवस राहिली नाही. कोर्टाने ठेवलेली बाई म्हटल्यावर भावजयीला बोलायला तोंड मिळालं. घुग्घुसकडे कोळशाच्या खाणीवर टोपल्या वाहायला गेली, असं ऐकलं.

आणि दादा? तो देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. निकालानंतरही त्याला हिस्सा देता आला असता, कोणी अडवलं नव्हतं. दिला नाही. पहिल्या वर्षी गोविंदाच्या बांध्या पडीक ठेवल्या, दुसऱ्या वर्षी तिथं रोवणा केला. जिंकलेली जमीन हाती आल्यावर ती सोडणं आणि देवीच्या पायरीवर सोडतो म्हणणं, यात अंतर असतं. पण गावाने त्याच्या माथी जे मारलं, ते त्याचं नव्हतं. लोक म्हणाले, भावाच्या बायकोचं गिळलं आणि वर विधवा बहिणीला खोटं बोलायला लावलं. तोंडावर म्हणाले. पंगतीत त्याच्या शेजारी बसायला काही जण टाळायचे. तो एकदाही म्हणाला नाही की मी लावलं नाही. का म्हणाला नाही? मला वाचवायला, की त्याने जबाबावर सही केली होती म्हणून? मला माहीत नाही. मी त्याच्या ताटात वाढत राहिले, तो खाली पाहून जेवत राहिला. एका घरात आम्ही म्हातारे झालो. वहिनी गेली, मुलं नोकऱ्यांसाठी नागपूरकडे गेली, आणि त्या घरात आम्ही दोघंच उरलो. त्याची खाट ओसरीवर, माझी आत. अख्ख्या दिवसात कधी कधी एक शब्दसुद्धा नाही. तहान लागली की तो लोटा वाजवायचा.

मधे एकदा रुक्मा भेटली. चैतात, चांद्याला, महाकालीच्या जत्रेत. तिनेच मला ओळखलं. गर्दीतून हाताला धरून सावलीत नेलं, पदराने माझा घाम पुसला. तिचे हात खरबरीत झाले होते, नखांत काळं बसलेलं. शेवंताचं खाणीवरच्याच एका मुलाशी जमवलं होतं. सोयरिकी मोडल्या होत्या आधी, बापाचं नाव-गाव विचारलं की थांबायच्या. या मुलाने विचारलं नाही. हे तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं, बातमी म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "बाई, तू मनात ठेवू नको. तुया दादानं तुले बोलाले लावलं, मले माहीत आहे. तू त्याच्या घरची. तू काय करशीन?"

मला तेव्हा बोलता आलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. समोर ती एकटी होती.

मी मान हलवली. हो म्हणून. तिने मला पुरणपोळी खाऊ घातली, बरोबर बांधून आणलेली. मी खाल्ली.

दादा गेला तेव्हा मयतीला माणसं कमी होती. ओसरीवर दोघं-तिघं हळू आवाजात तेच बोलत होते. मी त्याच्या पायाशी बसले होते. ऐकत होते. मी काही बोलले नाही. लोकांना वाटलं, रडून आवाज बसला आहे.

त्यानंतर पुढच्या हिवाळ्यात एक बाई मोटरीने आली आणि विचारत विचारत माझ्या दारात उभी राहिली. चाळिशीच्या आतली, हातात पिशवी. कपाळावरचा भोवरा पाहून मी ओळखलं. शेवंता. रुक्मा वारली होती. बापाचं शेत एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून आली होती, मागायचं काही नव्हतं तिला. हे तिने दोनदा सांगितलं.

मी तिला बोडीवर घेऊन गेले. धान कापून झालं होतं, बांध्यांत लाखोळीचं पीक उगवून आलं होतं. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली, मूठभर माती उचलून पाहिली, टाकून दिली. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "आत्या, एक विचारतो. माया मायचा पाट लागला होता का?"

मी म्हणाले, "लागला होता. मीच बांगड्या भरल्या."

तिने डोळे मिटले. मग विचारलं, "मंग कोर्टात तसं काऊन सांगितलं?"

दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला आता कोणाचं भय नव्हतं, कोणाचं अन्न नव्हतं. समोर गोविंदाची मुलगी होती.

मी म्हणाले, "तुया मोठ्या बापानं, शिवरामदादानं, सांगू देलं नाई."

तिने मान डोलावली, तिला हे आधीपासून माहीत असल्यासारखी. मोटरीची वेळ झाली होती. उठली, लुगड्याची माती झटकली, आणि जायच्या आधी वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.